नववं पान

बाबा, परवा तुमच्या लायब्ररीतून व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हाही मी तिकडे आले नव्हते, फक्त माझा दुबईचा नंबर कळवला होता. तो त्यांनी जपून ठेवलाय. ठेवणारच म्हणा, कागद जपणं हाच त्यांचा धंदा. आता सगळ्या पोथ्यांचं स्कॅनिंग चाललंय, एका पोथीत नवव्या पानाच्या जागी कोरा कागद निघाला, आणि तुमच्या रजिस्टरात त्या पोथीपुढे मराठीत काहीतरी लिहिलेलं सापडलं. बाकी अख्खं रजिस्टर इंग्रजीत, ही एवढीच नोंद मराठीत. तिथल्या तिबेटी बाईंना हिंदी येतं, पण तुमचं ते किरटं अक्षर आणि मराठी शब्द काही लागेनात. म्हणून फोटो मला. "मॅडम, टाइम मिले तो पढ़के बताइए, प्लीज."

मी ऑफिसात होते. पन्नास कामगारांचे व्हिसाचे कागद समोर, मॅनेजर डोक्यावर उभा राहून "यल्ला, यल्ला" करतोय, आणि मी तुमच्या दोन ओळी वाचतेय. एकदा वाचल्या, मग झूम करून पुन्हा वाचल्या. इतका राग आला, इतका, की वॉशरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तुम्हाला तो मे महिना आठवतो का? मला सगळा आठवतो. मी नऊ वर्षांची. आई आणि मी दोन दिवस गाडीत बसून, मग एसटीसारख्याच एका खडखडाटी बसमधून ओकत ओकत डोंगरावर आलो, कारण साहेबांना पुण्याला यायला सवड नव्हती. पुण्यात तुमचं चांगलं बाइंडिंगचं दुकान होतं. ते मोडून तुम्ही तिबेटी निर्वासितांच्या पोथ्यांना ठिगळं लावायला गेलात. आई म्हणायची, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या!" तेवढंच म्हणायची आणि शिवणाचं मशीन ओढून बसायची.

तुम्ही आम्हाला काय दाखवलंत, तर तुमचं टेबल. खळीची वाटी, ब्रश, आणि ती हातभर लांब सुटी पानं. शिवण नाही, पुठ्ठा नाही, नुसती एकावर एक रचलेली, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापड. डाव्या समासात पानाचा आकडा तिबेटी अक्षरात लिहिलेला असतो, तो तुम्ही मला वाचायला शिकवलात. चिक, न्यी, सुम, शी, ङा, डुक, दुन, ग्ये, गु. सकाळभर शिकवलंत. खोटं कशाला बोलू, ती सकाळ चांगली होती. आणि दुपारी मी खाली चादरीवर वाळत घातलेली पानं ओलांडून तुमच्याकडे धावत आले, तर सगळ्या लामांसमोर माझा दंड धरून ओरडलात, "हे लोक घरदार सोडून आले, पण ही पानं पाठीवर घेऊन आले! आणि तू ओलांडतेस?"

माझ्या मुलाला परवा हे सांगितलं, तर म्हणतो, "बट मम्मा, दॅट इज देअर रूल ना." असेल रूल. मी रूलबद्दल बोलतच नाहीये. ते घर सोडताना पोथ्या घेऊन आले, बाबा. तुम्ही घर सोडताना काय घेतलंत? दाढीचं सामान!

त्या संध्याकाळी मी नववं पान काढलं. मी नऊची, म्हणून नववं. आईच्या होल्डॉलमध्ये सतरंजीखाली सपाट घातलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही वेड्यासारखे शोधत होता. कपाटं सरकवलीत, म्हाताऱ्या लामांना विचारलंत, चहावाल्या बाईला विचारलंत, झाडूवालीलासुद्धा. मी पायरीवर बसून राहिले. आता येतील, आता विचारतील. विचारलं असतंत तर तिथल्या तिथे आणून दिलं असतं, देवाशप्पथ. तुम्ही आलात, माझ्याकडे बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "चपला घाल, बस चुकेल."

ते पान आज दुबईत, अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये, कपाटात, चांगल्या बेडशीट्सच्या घडीत आहे. लग्न करून इथे आले तेव्हा बॅगेत घालून आणलं. तुमच्याविरुद्ध माझी ती एकच जीत होती. आणि आता तुमचं अक्षर सांगतंय, "नववं पान मुलीकडे आहे. तिच्याकडे मागू नये."

म्हणजे माहीत होतं! कोरा कागद कापून जागेवर ठेवलात, वर हुकूम लिहून ठेवलात, आणि मोकळे झालात. मोठे दानशूर! चोरी होती ती माझी, बाबा. तुम्ही माझ्या अपरोक्ष तिचं बक्षीस करून टाकलंत. अख्ख्या लायब्ररीला विचारत फिरलात, आणि पोटच्या पोरीला चार शब्द विचारायला तोंड उघडलं नाही. मोठेपणा नव्हता तो. मी रडले असते, भांडले असते, घरी चला म्हणाले असते, आणि ते तुम्हाला झेपलं नसतं. भित्रे होता तुम्ही.

काल त्या बाईंचा फोन आला. आधी वाटलं, सांगावं की पान हरवलंय असं लिहिलंय, खलास. पण म्हटलं, "लिखा है, नौवाँ पन्ना बेटी के पास है."  मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "मॅडम, तो... वो पन्ना हमें दे देंगी आप?"

मी "हां" म्हटलं. त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत म्हटलं. दुपारी कुरियरवाला येईल. पान दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून कापडात बांधलंय, तुम्ही बांधायचात तसंच, दुसरं येतंय कुठे मला.

हे पत्र कुठे पाठवणार, राहील त्या बेडशीट्समध्ये, रिकाम्या जागी. फक्त एक कबूल करते. तुमची दुसरी ओळ मी त्यांना वाचून दाखवली नाही. माझ्याकडे एकदा कुणीतरी मागायला हवं होतं.