डॉक्टर वीड यांची सोबतीची वही

५ सप्टेंबर १९६१
आज पोचले. हार्लोच्या ग्रंथालयाची माडी मला फारच आवडली. मोठी खिडकी, लांब टेबल, दोन खुर्च्या आणि अकरा खोकी. सव्वाशे वर्षांपूर्वीचे डॉक्टर सायलस वीड गावाचे वैद्य होते आणि गावकऱ्यांच्या पलटणीचे सर्जनही. त्यांचे कागद लावायला मला सहा आठवडे दिलेत.

खाली ऑलिव्ह थेअर असतात. सत्तरीच्या, ग्रंथालय त्यांच्याच जिवावर चालतं. घेवड्याची ताटली पुढे ठेवत म्हणाल्या, डॉक्टरांचं अक्षर लागलं तर सांग गं पोरी, त्यांच्या औषधाने कोणी जगलं का ते तरी कळेल. आई गेल्यापासून मी अशी हसले नव्हते.

८ सप्टेंबर
आज कवायतीतून सूट मागणाऱ्यांचे दाखले लावले. एकाचा अंगठा दुखरा, एक फक्त कवायतीच्या दिवशी बहिरा. डॉक्टरांनी त्यालाही सूट दिली आहे, भला माणूस.

तळाशी एक पातळ वही मिळाली. प्रत्येक रोग्याला एक पान, त्यावर बायकांच्या सह्या. ऑलिव्हबाईंना विचारलं. म्हणाल्या, ही सोबतीची वही. आजाऱ्याला एकटं टाकायचं नाही, शेजारणींनी पाळीपाळीने उशाशी बसायचं. पुढचीने सही केल्याशिवाय आधीचीने खुर्ची सोडायची नाही. माझी आजी बसायची. तिच्या गप्पांना कंटाळून लोक लवकर बरे व्हायचे.

१२ सप्टेंबर
मर्सी टटल नावाच्या विधवेचं पान. पाच दिवस सह्या, सहाव्या दिवसाची ओळ कोरी. त्या दिवशी पलटणीची वार्षिक कवायत होती. सगळा गाव मैदानावर, डॉक्टरही. खाली त्यांनी लिहिलंय: परत आलो. खुर्ची रिकामी. तिचे डोळे दाराकडे.

मी बराच वेळ खिडकीतून बघत बसले. इस्पितळात आई गेली तेव्हा मी खाली कॉफी घ्यायला गेले होते. दहाच मिनिटं.

आमच्या कामात जुन्या कागदाजवळ फक्त पेन्सिल न्यायची, आणि कागदावर तीही टेकवायची नाही. वीस वर्षं मी नवख्यांना हेच बजावत आले. आज त्या कोऱ्या ओळीत बारीक अक्षरात माझं नाव लिहिलं. विनिफ्रेड कोल. मग लगेच लाज वाटून रबराने खोडायला घेतलं.

खोडलं जात नाही.

१३ सप्टेंबर
खोलीत कापराचा वास. खोकी लावताना मागे कोणीतरी श्वास घेतं, धाप लागल्यासारखा. मागे ती दुसरी खुर्ची आहे, आणखी काही नाही. ऑलिव्हबाईंना वास आला नाही. म्हणाल्या, खिडकी उघड, माणसांत ये, रविवारी आमच्याकडे जेव. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

१५ सप्टेंबर, दुपार
उठता येत नाही. पाय धड आहेत. पण मी खुर्चीतून उठू लागले की तो श्वास थांबतो. बसले की पुन्हा सुरू होतो. तीनदा करून पाहिलं. चौथ्यांदा धीर झाला नाही.

संध्याकाळ
मनगटावर हात. थंड, हलका. दिसत नाही. आईचा असाच—

१६ सप्टेंबर, सकाळ
रात्रभर बसून होते. माझ्या नावाखाली आता एक कोरी ओळ आहे. काल नव्हती.

गावात मला एकच नाव ठाऊक आहे. लिहिलं तर मी सुटेन. वहीजवळची पेन्सिल टेबलाच्या पार पलीकडे सरकवली, रोजनिशीची ही तेवढी हातात ठेवली. त्या बाईने मला जेवायला बोलावलंय.

नंतर
ऑलिव्हबाई सूप घेऊन आल्या. माझ्याकडे पाहून घाबरल्या. वही उघडी होती. माझं नाव वाचलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अगं वेडे, अशीच बसून राहिलीस? आणि तुला सोडवायला कोण येणार? ऊठ, खाली जाऊन पड जरा. मी बसते.

हसत हसत पेन्सिल उचलली त्यांनी.

सांगायला हवं. 'नको' एवढंच. पण मनगटावरची बोटं एकेक करून सुटताहेत, आणि त्या लिहिताहेत, पहिलं अक्षर झालंसुद्धा, आणि माझ्या तोंडून अजून—