आईचं राखाडी जहाज

आई, तुझी ती जर्मन जहाजाची पेटी पावसाळ्याआधी माळ्यावरून खाली काढली. मी नाही, तुझ्या नातीने काढली. तू तिला पाहिलं नाहीस. ती जन्मली तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता ती हिंजवडीला नोकरी करते, आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न आहे. पेटी खाली काढायचं निमित्तही एका अर्थी ते लग्नच होतं, पण ते सांगायचं तर मला थोडं मागे जावं लागेल.

तू बुधवार पेठेतल्या त्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होतीस. खाली रेडिओचे सुटे भाग विकणारं दुकान, बाजूने लाकडी जिना आणि वर दोन खोल्या. शाळा सुटली की मी तिथे येऊन बसायचे. मेण वितळल्याचा आणि प्लास्टरचा वास यायचा, आणि तुझ्यासमोर कुणाकुणाचे दात ओळीने मांडलेले असायचे. मला ते कधी भीतीदायक वाटले नाहीत, कारण ते तुझ्या हातात असायचे. तू करंगळी टेबलाला टेकवायचीस आणि मग बाकीचा हात त्या करंगळीवर तोलून काम करायचीस. एकदा मी तुझ्या मेणाच्या साच्याला हात लावला आणि एक दात मोडला, तेव्हा तू मारलं नाहीस. ‘कशाला हात लावायच्या आधी, हात कुठे टेकवायचा ते ठरवावं,’ एवढंच म्हणालीस. मी अजूनही सुईत दोरा ओवताना करंगळी टेकवते.

त्या लॅबमध्ये एक जर्मन माणूस आला होता. चिंचवडकडच्या कुठल्याशा कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. चिक्की खाताना त्याच्या कवळीचे दोन तुकडे झाले होते. तोंडासमोर रुमाल धरून तो बाकावर बसून राहिला आणि तू दुपारभरात ती कवळी अशी सांधलीस, की त्याला जोड सापडेना. काही महिन्यांनी तो पुन्हा आला तो एक चपटी मोठी पेटी घेऊन. तुझ्या बोटांकडे बोट दाखवून काहीतरी बोलला आणि पेटी टेबलावर ठेवून गेला. आत प्लास्टिकचे सुटे भाग होते, जुळवून छोटी प्रतिकृती करायचे. तुमचे मालक डॉक्टर म्हणाले होते, ‘बाई, दाताच्या बदल्यात विमान देऊन गेला हो. बुडाला बिचारा.’ तू घरी येईपर्यंत हसत होतीस.

विमान नव्हतंच ते. पेटीवरचं चित्र मला आजही डोळे मिटले की दिसतं. काळं आभाळ, खाली शहराची छपरं, जमिनीवरून वर गेलेले दोन-तीन प्रकाशाचे झोत, आणि त्या झोतांत सापडलेलं, गॅस भरून हवेत तरंगणारं एक लांबलचक राखाडी जहाज. त्याच्या पोटाखाली छोट्या खोल्या लटकलेल्या, आणि एका खोलीच्या खिडकीत एक माणूस. चित्रकाराने त्याला तोंड काढलं नव्हतं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. मी ती पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवायचे आणि तू ती पुन्हा सरळ ठेवायचीस.

रोज जेवणं झाली की तू ओटा पुसून टेबलावर वर्तमानपत्र पसरायचीस आणि लॅबमधला चिमटा घेऊन बसायचीस. बाबा लोणी काळभोरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून पेटीतलं इंग्रजी माहितीपत्रक वाचायचं काम त्यांचं. थकून आलेले असायचे, पण शब्दकोश घेऊन वाचायचे. हे जहाज पहिल्या महायुद्धातलं. रात्री शहरांवर बॉम्ब टाकायला जायचं. आतल्या गॅसच्या पिशव्या गाईंच्या आतड्यांपासून शिवलेल्या असायच्या. ते ऐकून तू म्हणालीस, ‘आतड्यात हवा भरून युद्धाला गेली माणसं.’ मग बाबांनी पुढचं वाचलं. तो गॅस ठिणगीने पेटायचा. आणि वजन कमी व्हावं म्हणून आतली माणसं बऱ्याचदा हवाई छत्र्या घरीच ठेवून यायची.

तू हातातला चिमटा खाली ठेवलास. ‘म्हणजे पेटलं की एकतर बसून जळायचं, नाहीतर उडी टाकायची?’

‘हो.’

‘तिसरं काही नाही?’

‘यात लिहिलेलं नाही,’ बाबा म्हणाले.

मी विचारलं, उडी टाकणारे वाचायचे का? तू म्हणालीस, ‘इतक्या उंचावरून कोण वाचतं गं. पण काहीतरी केलं त्यांनी.’ त्या रात्री मी डोक्यावरून गोधडी घेऊन झोपले.

जहाजाचं धड जुळलं, शेपटीचे पंख लागले, मागच्या खोल्या लागल्या. पुढची खोली, जिथून ते जहाज चालवत, ती मात्र सरळ बसेना. तू म्हणायचीस गोंद जुना झालाय. गोंद खास होता, तो प्लास्टिकला थोडं वितळवायचा आणि मग दोन्ही भाग एकजीव व्हायचे. तू ती खोली लावायचीस, जरा वेळ बघायचीस, काढायचीस. मी विचारलं, की तू एकदम चिडलीस, ‘काऊन वं, गोंद वाईट हाय म्हटलं ना!’ पुण्यात इतकी वर्षं राहून तुझी बोली पुसली गेली होती. रागावलीस की मात्र थेट यवतमाळकडचं बोलणं तोंडात यायचं, पण तोवर तू तशी फारशी रागावायची नाहीस. शेवटी ती खोली तिरकीच राहिली आणि तू जहाज कपाटावर ठेवून दिलंस.

पुढच्या काही महिन्यांत लॅबमध्ये तुझ्या हातून एक तयार कवळी पडून फुटली. मग आणखी एक. डॉक्टर म्हणाले, बाई, थोडे दिवस विश्रांती घ्या. त्यांनी परत बोलावलं नाही. तुझी बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली, हार्मोनियम वाजवत असावीस तशी. चालताना पाय वेडेवाकडे पडायला लागले. एकदा आपण दोघी बसमध्ये उभ्या होतो, तुझा तोल जात होता, आणि एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली, ‘प्यायलीय.’ मी शरमेने खिडकीबाहेर बघायला लागले. तू कुणाशीच बोलत नसल्यासारखं म्हणालीस, ‘माह्या बापालेही लोक असंच म्हणत. थेंब नव्हता घेत तो.’

मला तेव्हा काही समजलं नाही. बाबांना समजलं. मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी तुझ्या वडिलांबद्दलच सगळ्यात जास्त विचारलं. घराण्यातून येणारा, मेंदूचा आजार. औषध नाही. हळूहळू हात जातील, बोलणं जाईल, स्वभाव जाईल. मग त्यांनी माझ्याकडे बघून बाबांना सांगितलं, ‘हिलाही असू शकतो. अर्धी-अर्धी शक्यता. मोठेपणीच कळेल.’

त्यानंतरची तुझी वर्षं मला तुला सांगायची गरज नाही, किंवा असेलही, कारण शेवटी शेवटी तुला काय कळत होतं ते आम्हाला कळत नव्हतं. आम्ही काचेची भांडी वर ठेवली. एखाद्या दिवशी तू ताट भिरकावायचीस आणि लगेच माझ्याकडे अशी बघायचीस, जणू ते दुसऱ्याच कुणी भिरकावलं. तू गेलीस तेव्हा मी कॉलेज संपवून नोकरीला लागले होते.

तेव्हापासून मी भीत आले, आई. लोकांना वाटतं भीती म्हणजे छातीत धडधड. माझी तशी नव्हती. ती घरातल्या माणसासारखी होती. हातातून कप निसटला, की ती. पायरीला ठेच लागली, की ती. भाजीवाल्याकडे ‘दोडका’ हा शब्द आठवला नाही आणि मी नुसतं बोट दाखवलं, तेव्हा घरी येईपर्यंत मी भाज्यांची नावं मनात घोकत आले. मुलीवर आवाज चढला, की मी न्हाणीघरात जाऊन आरशात बघायचे, हा माझा राग आहे की तुझा. रक्त तपासून कळतं, हे मला ठाऊक होतं. मी कधी गेले नाही. लग्नाआधी मी नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, ‘नाणं अजून हवेत आहे ना? मग चहा घेऊ.’ भला माणूस आहे. मूल होऊ द्यावं का, यात आमची काही वर्षं गेली. मग मुलगी झाली, आणि भीतीला दुसरी खोली मिळाली. चाळिशी आली आणि गेली, पन्नाशी आली. तुझं चाळिशीत सुरू झालं होतं, म्हणून मी सुटले असं मनाला सांगायचे. पण उशिराही होतं, हे मी वाचलेलं होतं.

मुलीने लग्न ठरल्यावर होणाऱ्या नवऱ्याला या आजाराचं सांगितलं. त्याला काही अडचण नव्हती. पण ती मला म्हणाली, ‘आई, मला आता गेस करत जगायचं नाहीये. मी टेस्ट करणार आहे. पण सिरियसली, आधी तू केलीस तर? तुझ्यात नसेल, तर माझा प्रश्नच संपतो.’

‘आणि असेल तर?’

‘तर मी माझी वेगळी करीन. तुला एकटीला नाही सोडणार.’

मी नाही म्हणाले. नंतरचे बरेच दिवस आम्ही फक्त स्वयंपाकाबद्दल बोललो. मग एका रविवारी ती स्टूल घेऊन माळ्यावर चढली आणि तुझी पेटी घेऊन आली. म्हणाली, ‘हे तरी पूर्ण करू या.’ हट्ट करायची तिची ही पद्धत आहे.

सकाळच्या उन्हात टेबलावर तुझं जहाज ठेवलं. धुळीने आणखी राखाडी झालेलं. उरलेले पंखे, छोटे जिने अजून तसेच होते. तिने नवा गोंद मागवला होता. मी चिमट्याने पंखा उचलला, करंगळी टेकवली, आणि माझ्या लक्षात आलं की ती जहाजाकडे बघत नाहीये. ती माझ्या बोटांकडे बघतेय. आणि ती पुढचा तुकडा कापायला लागली तेव्हा मी तिच्या बोटांकडे बघत होते. दोघींना ते कळलं. तेवढ्यात माझ्या चिमट्यातून पंखा निसटला आणि टेबलाखाली गेला. तिने वाकून शोधला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘माझ्याही हातून पडतं गं.’

मग ती म्हणाली, ‘ही पुढची खोली तिरकी का आहे? काढून सरळ लावू?’ मी नको म्हणायच्या आत तिने ब्लेडचं टोक सांध्यात घातलं. खोली कट्‌कन निघाली. आई, तिच्याखाली प्लास्टिक वितळून वितळून खडबडीत झालं होतं. एकाबाहेर एक, ओठांच्या आकाराचे वण. एका जागी तर धडाला आरपार भोक पडायला आलेलं. मी तुला दोनतीनदाच ती खोली लावताना पाहिलं होतं. बाकीच्या वेळी मी शाळेत असणार, बाबा लोणीला. म्हणजे तू दुपारच्या सुट्टीत एकटी घरी यायचीस, जहाज काढायचीस, खोली उखडायचीस, पुन्हा लावून बघायचीस. गोंद तपासत नव्हतीस तू. तुझ्या बापाला लोक काय म्हणायचे ते तुला ठाऊक होतं. तुला सगळं केव्हाच कळलं होतं, आणि तू ते कुणालाही न सांगता त्या एका खोलीवर आपली बोटं पुन्हा पुन्हा तपासून बघत होतीस.

मुलीला मी हे सगळं सांगितलं. ती त्या वणांवरून बोट फिरवत राहिली. मी म्हणाले, ‘सोमवारी डॉक्टरांना फोन कर. माझी वेळ घे.’

डॉक्टर बाई वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी लगेच रक्त घेतलं नाही. आधी दोनदा नुसतं बोलायला बोलावलं. ‘एकदा कळलं, की न कळल्यासारखं करता येत नाही,’ म्हणाल्या. ‘रक्त दिल्यावरसुद्धा उत्तर नको असेल, तर तसं सांगा. तुमच्यावर कुणी जबरदस्ती करणार नाही.’ मला सरळ रेषेत चालायला लावलं, बोटं आपटायला लावली. मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचायचा प्रयत्न करत होते आणि त्या चेहऱ्याला सवय होती. रक्त दिल्यानंतरचे आठवडे कसे गेले ते लिहीत नाही. मी पोळ्या करपवल्या. मुलगी रोज ऑफिसातून फोन करून जेवलीस का विचारायची. तिला विचारायचं दुसरंच असायचं.

उत्तर घ्यायला आम्ही दोघी गेलो. खुर्चीत नीट बसायच्या आत डॉक्टर बाई म्हणाल्या, ‘नाही. तुमच्यात तो दोष आलेला नाही. म्हणजे हिच्यातही नाही.’ मुलगी टेबलावर डोकं टेकवून रडली. तिच्या पाठीवर हात ठेवून मी डॉक्टरांचे आभार मानले आणि नवऱ्याला फोन केला. खाली उतरून आम्ही उसाचा रस प्यायलो. मुलगी मधेच हसत होती, मधेच डोळे पुसत होती. सगळं जसं व्हावं तसं झालं.

हे पत्र घडी करून कुठे ठेवायचं तेही मी ठरवलेलं नाही. तुझा पत्ता नाही, आणि घरात कुणाच्या हाती लागू नये असं यात एकच आहे. डॉक्टर बाई ‘नाही’ म्हणाल्या ना, तेव्हा आनंदाच्या आधी, अगदी क्षणभर, मला वाईट वाटलं. तू एकटी पडलीस असं वाटलं. मुलीला हे मी सांगितलेलं नाही.