थडग्यातली मातीची नळी

वडील भगिनी विबिदियाताईस धाकट्या देकिमसचा सादर नमस्कार.

तू कुशल असल्यास मीही कुशल आहे. तू विणलेल्या लोकरी मोज्यांमुळे ब्रिटनची थंडी सुसह्य झाली आहे. तुझा गुडघा कसा आहे?

मृतांच्या तर्पणाचे दिवस जवळ आले. माझ्या सर्तोरियाच्या थडग्यात मद्य ओतण्यासाठी बसवलेली मातीची नळी पाचोळ्याने बुजली तर नाही ना? यंदा माझ्या पत्नीला ते पोहोचवण्याचे काम तुलाच करावे लागेल.

माझी ही काळजी ऐकून, पूर्वी आपल्या घरी जेवलेला, आता इथल्या छावणीतला म्हातारा शतपती तादियस म्हणाला, “अरे पंडिता, तुझी बायको कधी एकटी प्यायली का? निम्मा पेला आमच्याच पेल्यात ओतायची!” ती गेल्यापासून मी प्रथमच हसलो.

म्हणून निम्मे मद्य नळीत ओत आणि उरलेले तिच्याशेजारी बसून तू घे. मी हसलो, हेही तिला सांग.

तुझा आज्ञाधारक,
देकिमस