अहमदाबादला आम्ही दोघीच जातोय

अहो,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, खोडलं. एवढं खोटं लिहिण्याइतकी शाई माझ्या पेनात नाही. लग्न झाल्यापासून जी हाक मारली तीच लिहिते.

गेल्या आठवड्यात तुमचा मित्र गोपाल आला होता. अपघातापासून त्याचा एक पाय ओढतो. तो ओढतच आला, ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "वहिनी, विलासना नावनी टुर्नामेंट ठेई ऱ्हायनूत आम्ही. दिवाळीनी सुट्टीमा. तुम्ही दोन शब्द लिखी द्या. कसा मानूस व्हता, कसा बाप व्हता. माईकवर वाचसूत."

कसा बाप होता! दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. माईकवर वाचण्यासारखं काही सुचलं नाही, हे मात्र भरभरून सुचलं. तर आता ऐका. तुम्हाला गेल्यावर तरी माझं पूर्ण ऐकून घ्यावं लागेल, मध्येच उठून जायची सोय राहिली नाही.

जानू आणि मी अहमदाबादला जातोय. हो, त्याच अहमदाबादला! दिवाळीच्या सुट्टीत, रेल्वेनं, नंदुरबारहून.

ठरवायला बसलो तेव्हा तुमची लेक काय काय बोलली सांगू? मी म्हटलं, "पहिल्या दिवशी साबरमतीचा आश्रम बघू. सकाळी शांत असतं."

"शांत तर स्टेडियमपण असेल आई. मॅचच नाहीये."

"मग संध्याकाळी नदीकाठी फिरू. दुसऱ्या दिवशी अडालजची विहीर. दगडात कोरलेली, मजल्यावर मजले."

"तिथे बॉल टाकता येतो?"

"विहिरीत?"

"आवारात गं! तू पण ना."

तिला मॅच नको आहे. तिला मोठं स्टेडियम रिकामं बघायचंय. आतून दाखवतात म्हणे. खेळपट्टी किती लांबून दिसते, बॉलर कुठून धावत येतो, हे तिला कोणी मध्ये न ओरडता बघायचंय. आणि मुली सकाळी सराव करतात असं एखादं मैदान. आणि खेळाच्या सामानाचं दुकान, तिथून खरे स्पाइकचे बूट. बाकी शहर माझं, असं तिनं मोठ्या मनानं मला देऊन टाकलं. बारा वर्षांची नाही अजून, आणि सौदा करते तुमच्यासारखा. पण दिलेला शब्द पाळते. हे कुठून आलं तिच्यात कोण जाणे, तुमच्याकडून तर नक्की नाही.

तुम्ही किती शहरं पाहिलीत हो! मुंबई, इंदूर, राजकोट, नागपूर. मॅच असली की तुमच्या कृषी केंद्राचं शटर खाली आणि गाडी बाहेर. घरी काय आलं? तोंडाला रंग फासलेले तुमचे फोटो.

मला एकदा नेलंत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, मुंबईला. मी दोन नव्या साड्या घेतल्या होत्या, समुद्र बघायचा म्हणून. तुम्ही मला तुमच्या डोंबिवलीच्या आत्याकडे सोडलंत आणि मित्रांबरोबर मॅचला गेलात. मी आत्याच्या स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोलले. दुसऱ्या दिवशीही वाटाणेच. परतताना गाडीत तुम्ही मला विचारलंत, "कशी वाटली मुंबई?" काय उत्तर द्यायचं होतं मी? हिरवी होती!

या वेळी हॉटेलात राहणार आहोत. कोणाच्याही आत्याकडे नाही.

माझं जाऊ द्या. मी मोठी बाई, मी गिळलं. पण पोरीचं काय?

खेळाचं वेड तिला तुम्हीच लावलंत ना? पपईच्या वावराला लागून भिंत आहे, तिच्यावर कोळशानं तीन रेघा तुम्हीच ओढल्या होत्या. डाव्या हाताचं तिचं मनगट धरून तुम्हीच सांगायचात, "अठून फिरव बेटा, खांदातून नही." आज तिचा बॉल पडला की शाळेचे सर माझ्याकडे बघून मान हलवतात. ते मनगट तुमचं आहे, आणि ते बघून मला आनंद होतो, आणि त्या आनंदाचाही राग येतो. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे तुम्हाला कळलं नसतं.

दोन वर्षांपूर्वीच्या अहमदाबादच्या मॅचचं तिकीट तिचं होतं. गावभर लेकीचं कौतुक सांगितलं होतंत तुम्ही, "मन्ही आंडेर स्टेडियममा बठी." तिनं शाळेत सांगितलं, सरांना सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं. सकाळी गणवेशाच्या आत निळी जर्सी घालून शाळेत गेली. शाळा सुटली की गाडी निघणार, असं तुमचं ठरलं होतं.

मग दुपारी तो बियाण्याच्या कंपनीचा माणूस आला. त्याला खूश करायचं होतं तुम्हाला. तुम्ही चहा मागवलात आणि त्याच चहावर पोरीचं तिकीट त्याला देऊन टाकलंत. मी भांडले. आठवतंय ना? तुम्ही म्हणालात, "पोरगी शे, तिले काय समजस? टीव्हीवर दखी ली." आणि शाळा सुटायच्या आत निघून गेलात.

जानू धावत घरी आली. दप्तर पाठीवर, गणवेशाची बटणं वाटेतच उघडलेली. "पप्पा?" मी काय सांगायचं होतं? मी सांगितलं, "पप्पा तुला न्यायला शाळेत आले होते. तू सापडली नाहीस. उशीर होत होता." तुमच्यासाठी बोलले मी खोटं, पुढे तुमच्या आबांनाही तेच सांगितलं! तुमचा चेहरा तिच्यासमोर पडू नये म्हणून. तिनं जर्सी काढून, घडी करून कपाटात ठेवली.

त्याच संध्याकाळी, चिंचपाड्याच्या अलीकडे, उसाच्या ट्रॉलीवर गाडी गेली. चालवत तुम्ही होतात. गोपालचा पाय मोडला, बियाणेवाल्याला खरचटलं, आणि तुम्ही. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी रात्रभर जिवाचं रान केलं. तुमचं मरणही असं, की तुमच्यावर रागावायला मला जागा राहिली नाही. जो तो येऊन सांगायचा, "नशीब, पोरगी बरोबर नव्हती." जणू तुम्ही तिला वाचवण्यासाठीच मागे ठेवलं होतं! आबाही तेच म्हणायचे. बाप देवमाणूस, पोरीला मागे ठेवून गेला. मी पदर तोंडात धरून ऐकलं. लोकांना वाटलं, रडते आहे.

आता टुर्नामेंटचं ऐका. गोपालनं तारखा सांगितल्या, त्या आमच्या अहमदाबादच्याच निघाल्या. आबा ओट्यावर बाजेवर होते. त्यांनी लगेच सांगून टाकलं, "कप जानू दी. बापना फोटोले हार बी तीच घाली."

जानू दारात उभी होती. तिनं गोपालला विचारलं, "काका, मुलींची टीम आहे?"

"नही बेटा. आंडेरीसनी टीम कोठे ऱ्हास?"

"मग मुलांच्या टीममध्ये मी बॉलिंग करते."

गोपाल हसला. "तू कप देजो ना. चांगला फ्रॉक घालजो."

"मी फ्रॉक घालत नाही," ती म्हणाली. "आणि आम्ही नाहीच आहोत. आम्ही अहमदाबादला चाललोय."

आबा उठून बसले. मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. योग्य वेळ बघत होते, ती कधी येतच नव्हती. त्यांचा आवाज चढला. "सुनंदा! ज्या रस्तानी मन्हा पोर गया, त्या रस्तानी मन्ही नात जावाव नही. आनि त्याना फोटोफुडे त्यानीच पोर नही दिखनी तं गाव काय म्हनी?"

मी म्हटलं, "आबा, गाव काय म्हणेल ते गाव बघेल. तिकिटं काढून झाली आहेत."

तुमच्या वडिलांना असं मी कधी बोलले नव्हते. गोपाल खाली बघायला लागला. आबा माझ्याशी बोलायचे थांबले आणि जानूकडे वळले. गोड बोलून ऐकेल असं त्यांना वाटलं असावं. "बेटा, तुन्हा बापनी तुन्हाकरता किती करं! तुले बरोबर ली जावाले शाळामा उनता तो. तूच नही भेटनी त्याले. अशा बापले तू एक हार बी नही घालाव?"

तुमची पोर घरात माझ्याशी शाळेतली मराठी बोलते. पण तिचं काही आतून निघालं की ती अहिराणीवर येते. ती आबांसमोर जाऊन उभी राहिली.

"आबा, पप्पा शाळामा उनाच नहीत. मी ग्राउंडवर व्हती. खेळना तास व्हता. गोपालकाकानी गाडी रस्तावर उनी, पप्पा स्टेअरिंगवर व्हतात. मी पयत गयी कंपाऊंडलगून. हात करा. पप्पानी माले दखं. आन काच वर करी लिधी."

पोर पळत जाळीपर्यंत आली, तिनं हात केला, आणि तुम्ही तिला बघून काच वर केलीत!

म्हणजे तिला माहीत होतं! मी तिला शाळेतलं खोटं सांगत होते तेव्हा ती ते बघून आली होती. दोन वर्षं तिनं माझं खोटं माझ्यासाठी सांभाळलं. तुमच्यासाठी मी, माझ्यासाठी ती. काय बांधून गेलात हो तुम्ही आमच्यामध्ये!

आबांनी गोपालला विचारलं, "खरं शे का?"

गोपालनं मान वर केली नाही. "आबा, मी बोलनू त्याले, थांब जरा, पोर हात करी ऱ्हायनी. तो बोलना, 'थांबनू तं रडी. ऱ्हाऊ दे.'"

थांबलो तर रडेल!

मग रडू द्यायचं होतं ना! गाडीतून उतरायचं, कंपाऊंडच्या जाळीशी जायचं, आणि पोरीच्या तोंडावर सांगायचं, की तुझं तिकीट मी दुसऱ्याला दिलं. ती रडली असती, दोन दिवस बोलली नसती, तिसऱ्या दिवशी भिंतीवर बॉल टाकायला गेली असती. मुलं रडून मोकळी होतात. एवढा चाळीस ओलांडलेला माणूस, एका मुलीच्या रडण्याला घाबरलात? आणि तुम्ही शूर म्हणून तुमच्या नावाचा चषक!

मी गोपालला त्या दिवशी जेवायला थांब म्हटलं नाही. तो गेल्यावरही आबा तसेच बसून राहिले. जानूनं त्यांच्या हाताजवळ चहा ठेवला, तो निवला. मग त्यांनी मला हाक मारली. "रेल्वे चिंचपाडावर थांबस का?"

"स्टेशन लागतं. आमची गाडी तिथे थांबत नाही."

"चांगलं शे," ते म्हणाले. आणि मग, भिंतीकडे बघत, "गोपालले सांगी दे, कप मी दिसु. हार बी मीच घालसु. मन्हा पोर शे, माले घालनाच पडी. पण तिले हार घालाले नको सांगा."

अहो, तुमच्या बापानं तुमच्यासाठी आणखी काय करायचं बाकी ठेवलं? त्या दिवसापासून ते तुमच्याबद्दल 'देवमाणूस' म्हणत नाहीत. नुसतं 'विलास' म्हणतात. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. म्हातारा माणूस आहे, त्याच्या हातात होतं तेवढंही गेलं. तेही तुमच्याच खात्यावर मांडते.

जानूशी मी बोलले. वावरात, भिंतीपाशी. म्हटलं, "तू मला का नाही सांगितलंस?"

तिनं बॉल हातात फिरवला. "तू रडली असतीस."

मी खालीच बसले. तुमचंच वाक्य! तुमचं मनगट घेतलं ते ठीक आहे, पण हेही घेतलंय पोरीनं. हे मात्र मी तिच्यात राहू देणार नाही. तिथेच मातीत बसून मी मोठ्यानं रडले, तिच्यासमोर, पदर न लावता. ती घाबरली, मग शेजारी बसली, मग तीही रडली. पपई तोडणाऱ्या बाया बघत होत्या. बघू द्या! थोड्या वेळानं ती नाक पुसून म्हणाली, "आई, विहीर पहिल्या दिवशी ठेवू. तुला आवडेल ती. स्टेडियम शेवटी." मी म्हटलं, "नाही. स्टेडियम पहिलं."

गोपालला दोन शब्द लिहून दिलेत. 'विलास पाटील यांना क्रिकेट फार आवडत असे.' एवढंच. त्यानं कागद उलटा करून बघितला, मागे काही आहे का म्हणून. खोटं नाही त्यात काही. वाचू दे माईकवर.

उद्या सकाळी एसटीनं नंदुरबार, तिथून रेल्वे. प्रकाशाच्या पुलावरून जाताना लोक तापीत नाणी टाकतात. मी तुमच्या नावानं टाकणार नाही. मला क्षमा करा असंही लिहिणार नाही, आणि तुम्हाला क्षमा केली असंही नाही. कधी होईल तर होईल. आज नाही.

पण एक वचन देते. त्या रिकाम्या स्टेडियममध्ये हजारो खुर्च्यांतून ती आपली जागा निवडेल. मी तिच्या अगदी शेजारी बसेन, खांद्याला खांदा लावून. ती खेळपट्टी बघेल, मी तिला बघेन. आणि आम्हा दोघींच्या मध्ये तुमच्यासाठी जागा ठेवणार नाही.

सुनंदा
जान्हवीची आई
लोणखेडा