मामाची मांडी

आप्पा, तुमची नात चावते. दात आले तेव्हापासून चावते आणि हात चालायला लागल्यापासून मारते. पाळणाघरातल्या बाईंच्या दंडावर तिनं सहीशिक्का उमटवावा तसे दात उमटवलेत, सासूबाईंच्या नाकावर वाटी हाणलीय. चाळिशी उलटल्यावर झालेलं मूल म्हणून सगळे तिला नवसाची म्हणतात. हे कुणाकडून आलं असेल, एवढाच विचार मी करते आणि तिथंच थांबते. अडीच वर्षांची झाली तरी तिचं जावळ काढलं नव्हतं. केस डोळ्यांवर, केस नाकात, केस वरणात. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, आणि तिचा मामा तुम्ही कोल्हापुरात ठेवला नव्हता. मी म्हटलं, चुलतभावाच्या मांडीवर बसवू, मांडीला काय रक्ताची तपासणी लागते? सासूबाई म्हणाल्या, "सख्खा मामा जिता हाय न्हवं? मग दुसऱ्याची मांडी कशाला? बसली तर त्याच्याच मांडीवर बसंल." नवऱ्याला रजा नव्हती. तेव्हा पोरगी, दोन पिशव्या आणि मी, अशा आम्ही गोंदियाच्या गाडीत बसलो.

गोंदिया हे तुमच्या लेकानं निवडलेलं गाव नव्हे. सतराव्या वर्षी कोल्हापूर स्टेशनात जी गाडी उभी होती तिच्यात तो बसला आणि गाडी जिथं संपली तिथं उतरला. ती मिरजेला संपली असती तर माझी कंबर वाचली असती. तुम्ही गेल्यावर त्याचा पहिला फोन आला, तोवर आम्ही त्याला मेलेलाच धरून चाललो होतो.

मिरज यायच्या आत पोरीनं समोरच्या आजोबांच्या करंगळीला दात लावले. आजोबा ओरडले, मग मला उपदेश करायला सरसावून बसले. "ताई, एक लावा की कानाखाली. लाडानं पोरं बिघडत्यात. आमच्या बापानं आमाला चाबकानं फोडलंय, म्हणून तर सुधारलो." सुधारलेले आजोबा हे बोलता बोलता खिडकीतून तंबाखूची पिंक टाकत होते आणि ती वाऱ्यानं मागच्या खिडकीतल्या बाईच्या पदरावर जात होती. मी म्हटलं, "दिसतंय की." पुण्यानंतर सल्ला शुद्ध झाला: "अहो, एक धपाटा द्या, शिस्त लागते." वर्ध्याला चढलेल्या बाई म्हणाल्या, "द्या ना एक रट्टा." भाषा बदलत गेली, सल्ला तोच राहिला. सबंध महाराष्ट्राचं एकमत व्हावं अशी एकच जागा उरली आहे आणि ती म्हणजे माझ्या पोरीचा गाल. मी नाही मारलं, आप्पा. माझ्या घरात हात उठत नाही. लग्नाआधी नवऱ्याला एवढी एकच अट घातली होती. मी जिभेवर भागवते. जिभेचे वळ दिसत नाहीत.

ती दमून माझ्या मांडीवर झोपते आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसायला लागतं. दारामागं खिळ्याला पट्टा आहे. उद्यमनगरातल्या तुमच्या वर्कशॉपमधल्या लेथचा जुना, झिजलेला चामडी पट्टा, हातभर कापून घरी आणलेला. भावानं यंत्रात बसवायचं एक बुश चुकीच्या मापाचं कातलंय, गिऱ्हाइकानं ते तोंडावर फेकलंय. कामगारांसमोर तुम्ही त्याला एकदा मारून आणलंय, पण ते वर्कशॉपचं झालं, घरचं अजून बाकी आहे. तुम्ही मारताय. आई परातीत भाकरी थापतेय, ती थांबत नाही. थाप आणि पट्टा, थाप आणि पट्टा, एका लयीत, जणू तुम्ही दोघं मिळून एकच काम उरकताय. मी पिठाचा डबा छातीशी धरून उभी आहे. त्याच्या पाठीचं कातडं फुटतं, सदरा चिकटतो, आणि मग तो वळतो आणि तुमचं मनगट धरतो. पिरगळतो. पट्टा खाली पडतो. थाप बंद होते. तुमच्या तोंडावर मी पहिल्यांदा भीती बघते. तो मनगट सोडतो आणि चप्पल न घालता बाहेर पडतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या रिवाजाप्रमाणं जिलेबी घेऊन आलात. मारलं की दुसऱ्या दिवशी जिलेबी, जसे वळ तसं वजन. त्या दिवशी मोठा पुडा होता. आमच्यातल्या कुणी त्याला हात लावला नाही, मुंग्यांनी चैन केली.

गोंदियाला तो स्टेशनवर आला. केस अर्धे पांढरे, पोट सुटलेलं, डोळ्यांना चष्मा, भाताच्या गिरणीत काम करून भुवयांत कोंडा. मला वाकून नमस्कार केला, पोरीकडं बघून हसला आणि दोन्ही हातांत दोन पिशव्या घेतल्या, म्हणजे तिला घ्यायला हात उरला नाही. घरी त्यानं सगळी तयारी ठेवली होती. भाचीला फ्रॉक, चांदीची पैंजणं, नारळ, पाट, न्हावी. फक्त मांडी नव्हती.

"आक्का, तिले पाटावर बसव ना. मी बाजूले आहो ना."

"पाटावरच बसवायची होती तर कोल्हापुरात पाट मिळत न्हाईत व्हय रे?"

वहिनी तिकडचीच. ती दारातून म्हणाली, "आपल्या पोरीलेही यायनं कधी मांडीवर घेतलं नाही जी. ती आता कॉलेजात जाते. दुरूनच बाप."

इतक्या वर्षांत भावाची बोली तिकडची झाली आहे, पण आतलं काही काढायचं असलं की आपली येते. "तुला वाटतंय मी मार खाऊन पळालो? मार तर रोजचाच हुता. त्या दिवशी मनगट धरलं न्हवं, आणखी जरा थांबलो असतो तर आप्पास्नी मारून टाकलं असतं मी. हात माझा हाय आक्का, पण आलाय त्यांच्याकडनं. बारक्या पोराजवळ तो न्यायचा न्हाय, एवढंच ठरवलंय."

न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "लवकर ठरवा जी, मले अजून दुसऱ्या घरी जा लागते."

वाद घालायचा मला कंटाळा, तुम्हाला माहीत आहे. मी पोरगी उचलली आणि त्याच्या मांडीवर आदळली. तो दगडासारखा बसला, दोन्ही तळहात मागं जमिनीला टेकवून. पहिली बट उतरली, दुसरी उतरली. मग पाण्याचा ओघळ कानात गेला आणि पोरगी पेटली. तिनं वळून मामाच्या तोंडात अशी ठेवून दिली की चष्मा भिंतीवर जाऊन आदळला. न्हावी काहीतरी ओरडला. आणि मला दिसलं, भावाचा उजवा हात जमिनीवरून उठला.

आप्पा, तो हात मी ओळखते. किती उंच जातो, कुठं क्षणभर थांबतो, डोळे झाकून सांगेन. पुढं काय होतं हे आपल्या घरात वाढलेल्या माणसाला विचारावं लागत नाही. मी विचारलं नाही. त्याच्या कानाखाली वाजवली. खांद्यापासून, पुऱ्या हातानं. त्याची मान गर्रकन वळली. वहिनी किंचाळली.

मग रक्त दिसलं. पोरीनं मान मागं फेकली होती, सरळ वस्तऱ्यावर, आणि त्यानं मधे आपला तळहात घातला होता. वस्तरा त्याच्या हातात शिरला होता, तिच्या डोक्यावर ओरखडासुद्धा नव्हता. हात उठला होता तो एवढ्यासाठी. त्या खोलीत मारणारं मोठं माणूस एकच होतं, आणि ते मी होते.

भावानं रक्ताचा हात बाजूला धरला, दुसऱ्या हातानं गाल चाचपला आणि हसायला लागला. आधी बारीक, मग पोट हलेपर्यंत. "आक्का, अगं, हे तुझ्याकडं गेलंय व्हय! आणि मी हितं गोंदियात उगंच लपून बसलोय." वहिनीनं जखमेत हळद दाबली, फडकं बांधलं. पोरगी रक्ताला, आरड्याओरड्याला, सगळ्यालाच भ्यालेली. ती मामाच्या बंडीत तोंड खुपसून बसली आणि उरलेलं डोकं तिनं मुकाट भादरून घेतलं. जेवतानाही तिनं मांडी सोडली नाही. तो एका हातानं भात कालवून तिला भरवत होता, आणि त्याची कॉलेजातली लेक दाराच्या चौकटीला टेकून ते बघत होती. तिच्या चेहऱ्याकडं मला बघवेना.

परत आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, वस्तरा सटकला, भावाला थोडं लागलं. थपडेचं कुणाला सांगितलं नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण यातलं तुम्हाला कळतं. भावाची मी माफी मागितली आणि ती खरी होती. पण त्याच्या आधी, रक्त दिसायच्याही आधी, हात नेमका बसला त्या क्षणी मला फार बरं वाटलं, आप्पा. हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी टाकलं नसतं. तुम्ही वाचून खूश झाला असता.