परागच्या नावाचा फोटो

भाईंदर पूर्व,
रविवार दुपार

प्रिय धनेश,

पत्र बघून हसशील. केबिन रोडपासून तुमचं वर्कशॉप दहा मिनिटांवर, खिशात फोन, आणि ही बाई पानंच्या पानं लिहितेय! पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? मी काही विचारलं की "आली चौकस भवानी" म्हणतोस आणि गाडी मासळीवर नेतोस. कागदाला तसं गप्प करता येत नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून खिशात कोंबू नकोस.

परागच्या नावाचा छातीचा फोटो आलाय आणि तो चांगला नाही. गेल्या महिन्यात तुम्हा स्वयंपाकघराचे दगडी ओटे कापणाऱ्यांसाठी तपासणीची गाडी आली होती ना, तिचे सगळे फोटो वाचायला आमच्याच सेंटरला आले. बुधवारी मी एकेक स्क्रीनवर लावत होते. सख्ख्या भावाचं नाव दिसलं म्हणून जरा जास्तच वाकून बघितलं, तर दोन्ही बाजूंना, वरच्या भागात, रव्यासारखे बारीक ठिपके. एक्स-रे काढता काढता नऊ वर्षं झाली मला, कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण मग डोक्यात किडा वळवळायला लागला. नळीत फुंकायच्या तपासणीत याच परागने सगळ्यांत मोठा आकडा काढलेला! दिवाळीपासून खोकणारा माझा भाऊ, पोराच्या वाढदिवसाला दोन फुगे फुगवून खुर्चीत बसला तो. मी आमच्या डॉक्टर शुभदा मॅडमना विचारलं, दम इतका भारी आणि फोटो असा, हे कसं काय? मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला असंच असतं. खोकला नाही, धाप नाही, माणूस ठणठणीत, आणि दगडाची पूड आत जाऊन बसलेली. ती फक्त फोटोतच दिसते. माणसं दम लागल्यावर येतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. मी म्हटलं, मग गूळ? तुम्ही सगळे कामावरून सुटलात की गुळाचा खडा तोंडात टाकता ना, धूळ धुऊन निघते म्हणून. मॅडम हसल्या. म्हणाल्या, गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही.

खरं तर तुमचं काम बघायला मला फार आवडतं. इंद्रलोकमधल्या त्या फ्लॅटमध्ये मी डबा घेऊन आले होते, आठवतं? पाणी सोडून कापा म्हटलं तर मालकीणबाई नको म्हणाल्या, खालच्यांच्या छताला ओल येते. शेजारी ओरडतात म्हणून खिडक्याही बंद. आणि तू काय करत होतास, तर तोंडावरचा रुमाल खाली ओढून पेन्सिलच्या रेघेवरची पूड फुंकत होतास, रेघ दिसावी म्हणून. दर वितीला एक फुंकर. मला तेव्हा गंमत वाटली होती. आता स्वतःचाच राग येतो. पराग बाहेर माप घेत बसला होता. त्याला खोकला आहे, कटिंग मी करतो, असं तू म्हणालास. दिवाळीपासून त्याच्या वाट्याची धूळही तूच खातोयस.

तर फोटो. मी तो मोठा करून पुन्हा बघितला. डावीकडे गळ्याखालचं आडवं हाड जुनं मोडून सांधलेलं. परागचं आयुष्यात काहीही मोडलेलं नाही, शब्द सोडून. पण बंदरावर ओल्या फळीवरून घसरून कोणाचं हाड मोडलं होतं, ते मला माहितेय. तीन आठवडे हात गळ्यात बांधून फिरत होतास आणि मी जिन्यात उभी राहून तुझ्या शर्टाची बटणं लावून द्यायचे. ते हाड मी हजारात ओळखेन रे.

आता तू थांबला असशील. थांबू नकोस, वाच.

परागला धारेवर धरलं. आधी नाही नाही म्हणाला, मग रडला. फोटोत काही निघालं तर शेठ सोमवारपासून येऊ नको म्हणतील, ही भीती. आणि तू म्हणे, न्हाय रं, दे तुझा कार्ड, आपली छाती म्हणजे शिडाची होडी! त्याचं तपासणीचं कार्ड घेऊन तू आत गेलास, आणि एकाच तोंडाने दोनदा जाता येईना म्हणून तुझं स्वतःचं कार्ड कोरंच राहिलं. परवा त्याला ओढत नेऊन फोटो काढला. स्वच्छ आहे. खोकला पित्ताचा निघाला, गोळ्या चालू केल्यात.

म्हणून हे पत्र, धनेश. मला शेजारी बसून सांगायचं होतं, पण तुझ्यासमोर मला रडू फुटलं असतं आणि तू मलाच समजावत बसला असतास. ठिपके कशाचे, ते मॅडम आणखी तपासण्या करून नक्की सांगतील, टीबीही बघायला लागेल. आत बसलेली पूड असेल तर ती निघत नाही, हे मी लपवत नाही. पण आत्ता लक्षात आलंय, दम शाबूत असताना. उद्यापासून कोरड्या कटिंगला हात लावायचा नाही. रिपोर्ट मॅडम आधी तुलाच देणार, शेठला नाही, हे मी विचारून घेतलंय. मला खूप भीती वाटतेय, आणि तू मला हवा आहेस, हेही एकदाचं लिहून टाकते. रागावले होते तुम्हा दोघांवर, दोन दिवस जेवले नाही. मग लक्षात आलं, दोस्तासाठी खोटं बोलून तू त्या मशीनसमोर उभा राहिलास म्हणून हे सापडलं. स्वतःसाठी तू जन्मात आला नसतास. मंगळवारी सकाळी नऊला ये, फोटो मीच काढणार आहे. या वेळी स्वतःसाठी ये. तेही जमत नसेल, तर माझ्यासाठी ये.

तुझीच,
रसिका