दोष पडद्याचा

सोमवार, ६ मे

पडदा गोठतो, पण त्याच संगणकावरचे गाणे वाजतच राहते — हे पुष्कळांनी पाहिलेले असते. असे का, हे मात्र कोणी विचारत नाही. उत्तर मोठे सुंदर आहे. चित्र काढण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे, आवाजाचे दुसऱ्याकडे. एक मूर्च्छित पडला तरी दुसरा गातच राहतो. महाविद्यालयातल्या आमच्या विभागाच्या बैठकांसारखेच.

हे मी बायकोला सविस्तर समजावले. ती वास्तुरचनाकार. एका नियोजित ग्रंथालयाच्या अंतर्भागाची फिल्म तिला शुक्रवारी विश्वस्तांपुढे दाखवायची आहे. फिल्म पसंत पडली तरच काम तिला मिळणार.

"गाण्याचं कळलं. पण चित्र गोठवलं कोणी?"

प्रश्न अप्रस्तुत होता. फिल्म लवकर तयार व्हावी म्हणून काल मीच कार्ड ओव्हरक्लॉक केले, म्हणजे कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवले. कृतज्ञता हा गुण अलीकडे दुर्मिळच.

मंगळवार, ७ मे

पद्धत अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वेग मूळपदावर आणला. गोठणे थांबले. सिद्धान्त खरा ठरला; टाळ्या शून्य.

परंतु आता पडद्यावर काळे ठिपके! ग्रंथालयाच्या पांढऱ्या भिंतींवर तर माश्या बसल्यासारखे. अतितापाने कार्डाची स्मृती बिघडली की असे होते, हे सर्वांना ठाऊक आहे — निदान मला.

"मला नाही दिसत," बायको म्हणाली.

आणि ही व्यक्ती इमारती उभारते.

बुधवार, ८ मे

धूळ काढली. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, नव्याने टाकला. केबल बदलली. महाविद्यालयातून दुसरा मॉनिटर आणून जोडला. ठिपके जागच्या जागी. जागच्या जागी म्हणणेही शास्त्रशुद्ध नव्हे. रोखून पाहावे तर ठिपका बाजूला सटकतो. बिघडलेली स्मृती एवढी चपळ असते हे कोणत्याही पुस्तकात दिलेले नाही. नोंद घेतली.

पडद्याचे चित्र टिपून मेहुण्याला पाठवले. स्वतःच्या फोटोत ज्याला स्वतःचे पोट दिसत नाही, त्याचा लगेच फोन.

"चित्र तर स्वच्छ आहे, भावोजी. चष्मा पुसलात का?"

पुसला होता. दोनदा.

खोलीच्या कोपऱ्यात मधूनच वीज चमकल्यासारखे होते. ट्यूब बदलायला हवी.

गुरुवार, ९ मे

निष्कर्ष अटळ आहे: कार्ड बदलणे. स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो, तर बायकोने संगणकावर हात ठेवला.

"उद्या फिल्म आहे. आता याला हात लावलास तर बघ."

"असे ठिपके घेऊन विश्वस्तांपुढे जाणार तू?"

"ठिपके तुझे तुझ्याकडे ठेव. तुला ना, अंगण वाकडंच हवंय."

पुरावा समोर असताना माणसे म्हणींचा आश्रय का घेतात, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

शुक्रवार, १० मे

काम तिला मिळाले. विश्वस्तांपैकी एक बाई म्हणाल्या, "भिंती किती निर्मळ आहेत!" बायकोने वळून माझ्याकडे पाहिले. मी शेवटच्या खुर्चीवर बसून त्याच भिंतींवरच्या माश्या पाहत होतो. सगळेच आंधळे, अशी मनात नोंद केली.

मग फिल्म संपली. दिवे लागले. समोर सभागृहाची कोरी भिंत.

ठिपके तिथेही.

भिंतीला ग्राफिक्स कार्ड नसते.

शनिवार, ११ मे

"दोष पडद्याचाच आहे, सर," डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा पडदा म्हणजे डोळ्याच्या आतला. उजव्या डोळ्यात त्याला चीर गेली आहे. ती चमकणारी वीजही तिथलीच. लेसरने लगेच चिरेभोवती कुंपण घातले. अजून थांबलो असतो तर पडदा सुटून आला असता. बायको बाहेर बसली होती. एकही म्हण वापरली नाही. घरी येईपर्यंत हात धरून होती.

ट्यूब ठीक आहे.

सगळ्यात आधी करायची चाचणी मी सगळ्यात शेवटी केली. एक डोळा झाकायचा, कोऱ्या भिंतीकडे पाहायचे. मग दुसरा झाकायचा. ठिपके भिंतीवरही दिसले, तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचा.